चालू होईपर्यंत

उत्तरेश्वरनं सोयाबीनची ट्रॉली काट्यावरून मागं घेतली तेव्हा उमादेवीसमोरचा पडदा अजून काळाच होता. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, तेवढंच काय ते यंत्र जिवंत असल्याचं लक्षण. लाइट जाऊन आली होती. दिवसातून चारदा जाते, चारदा येते, आणि दर वेळी कम्प्युटर पहिल्यापासून उठून बसायला निघतो. भरलेली गाडी काट्यावर उभी राहते, ड्रायव्हर खाली उतरतो, तंबाखू मळतो, दाढेखाली धरतो, थुंकून मोकळा होतो, तरी याचं आपलं चाललेलंच. उत्तरेश्वर तसा शांत माणूस. अणदूरकडचा शेतकरी, उमादेवीच्या वडिलांच्या, अप्पांच्या वेळेपासून याच काट्यावर माल तोलणारा. त्यानं हॉर्न वाजवला नाही, की आवाज चढवला नाही. केबिनच्या खिडकीशी येऊन तो एवढंच म्हणाला, "उमाक्का, सोमलिंग अप्पा हुते तवा असं ताटकळत बसावं लागत न्हवतं बगा." आणि ट्रॅक्टर वळवून हमरस्त्यापलीकडच्या नव्या काट्यावर निघून गेला.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला शिवी देता येते. नळदुर्गच्या हायवेवर बाईनं वजनकाटा चालवायचा तर ते शिकावंच लागतं, आणि उमादेवी ते चांगलं शिकली होती. तिनं एकदा कांद्याच्या ट्रकवाल्याला असं काही सुनावलं होतं की शेजारच्या ढाब्यावरची माणसं जेवता जेवता थांबली होती. पण हा माणूस अप्पांचं नाव घेऊन गेला, आणि अप्पांच्या नावापुढं तिला बोलता येत नसे. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच कोंडून राहिली. एवढ्यात पडदा उजळला, वजनाचा प्रोग्राम उघडला आणि रिकाम्या काट्याचं वजन दाखवायला लागला. शून्य. जणू काही विचारलं होतं कुणी त्याला. तिनं टेबलावर हात आपटला, पाण्याचा तांब्या कलंडला, पावत्यांच्या कागदाचा गठ्ठा भिजला, आणि तो पुसता पुसता तिचा राग नेहमीच्या पायवाटेनं घरी गेला, अव्वाकडं.

तिच्या रागाला ती पायवाट पाठ होती. काहीही बिघडो, पंक्चर होवो, पाऊस न पडो, तिचा राग शेवटी जाऊन पार्वतम्माच्या, म्हणजे तिच्या आईच्या, चुलीशी उभा राहायचा. आज तर त्याला कारणही होतं. सकाळी चहा उकळून उकळून काळा झाला तरी अव्वानं तो गाळला नव्हता. रोज हेच. गाळणी हातात धरायची, ओट्याशी उभं राहायचं, आणि देवघराच्या दाराकडं बघत बसायचं. अप्पा असताना ते लिंगपूजेतून उठेपर्यंत घरात कुणाच्या तोंडात चहाचा थेंब जायचा नाही, तो घरचा शिरस्ता होता, ठीक. पण अप्पा लिंगैक्य होऊन चार वर्षं झाली. त्यांचं इष्टलिंग त्यांच्या तळहातावर, त्यांच्याबरोबर मातीत गेलं. देवघरात आता फक्त त्यांचा फोटो, विभूतीचा गोळा आणि गुंडाळून ठेवलेलं आसन. उमादेवी केस बांधून, स्कूटीची किल्ली बोटात फिरवत दारात उभी, आणि अव्वाचं एकच, "थांब गं जरा." कुणासाठी थांब? मग एकदाची ती गाळणार, कपात ओतणार, आणि उमादेवी तो कडू चहा घशाखाली ढकलून निघणार. चार वर्षं रोज सकाळी. त्याआधी अख्खा जन्म.

म्हणूनच गुरुवारी तिनं सोलापूरला भावाला फोन केला होता. शांतलिंगला तिनं स्वच्छ सांगितलं की अव्वाला घेऊन जा, चार दिवसांसाठी नाही, कायमची. माझ्याच्यानं होत नाही आता. तो गडबडला, बायकोशी बोलतो म्हणाला, मग दुसऱ्या दिवशी कळवलं की रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. आज शनिवार. अव्वाला सांगितलं तेव्हा ती पालक निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "बरं," म्हणाली, आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं. त्या बरं म्हणण्याचासुद्धा उमादेवीला संताप आला होता. भांडायचं तरी. रडायचं तरी. शेजारच्या बायका गोळा करून लेकीच्या नावानं खडे फोडायचे तरी. एवढ्या आयुष्यात या बाईनं एकदासुद्धा समोर उभं राहून तिच्या रागाला तोंड दिलं नव्हतं, आणि भिंतीवर मुठी आपटून माणसाचे हात जसे दुखतात तसे उमादेवीचे आतून दुखत होते.

पलीकडच्या काट्यावर उत्तरेश्वरची ट्रॉली चढलीसुद्धा. तिकडचा कम्प्युटर नवाकोरा. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो म्हणे. उमादेवीकडची बॅटरी उन्हाळ्यातच मेली होती. पण खरं तर बॅटरीचा प्रश्न नव्हता, हे तिला कळत होतं. कम्प्युटर बंद पडतो हे समजण्यासारखं आहे. तो उठायला इतका वेळ का घेतो? हे यंत्र तिनं स्वतः उभं केलं होतं. सोलापूरच्या दुकानदारानं घालून दिलेलं विंडोज दर दोन महिन्यांनी आजारी पडायचं, म्हणून तिनं मोबाइलवर बघून, वाचून, चुकून, पुन्हा चुकून स्वतःच्या हातानं त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. तेव्हा ते झटक्यात उठायचं. त्या वेळी तिला किती वर्षांनी असं वाटलं होतं की आपण काहीतरी आहोत. इंजिनिअर नाही, पण काहीतरी. आणि आता तेच यंत्र चारचौघांत तिची शोभा करत होतं. गेल्या काही महिन्यांत तिनं एकेक गोष्ट बंद करून पाहिली होती. ब्लूटूथ बंद केलं, आपोआप येणारे अपडेट बंद केले, सुरू होताना दिसणारं चित्र काढून टाकलं. अंगावरचे दागिने उतरवून पळायला लागावं तसं, पण वेग काही वाढला नव्हता. ढिम्म.

इंजिनिअर हा शब्द मनात आला की तो एकटा येत नसे. त्याच्यामागून ती सकाळ यायची. बारावीला तिला इतके मार्क पडले होते की अप्पांनी काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला पेढा दिला होता. माझी उमा इंजिनिअर होणार, असं ते अनोळखी माणसालाही सांगायचे. औरंगाबादला प्रवेशाला स्वतः हजर राहायचं होतं. हजर नसेल त्याची जागा पुढच्याला. मामा उस्मानाबादच्या स्टँडवर थांबणार होते, तेव्हा त्याला उस्मानाबादच म्हणायचे, आणि तिथून पुढं दोघं जाणार होते. नळदुर्गहून सकाळची एसटी पकडली तरच सगळं जुळत होतं. ती न्हाऊन, नवा पंजाबी ड्रेस घालून, प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अप्पा देवघरात. घरचा रिवाज असा की प्रवासाला निघणाऱ्याच्या कपाळावर अप्पा पूजेतून उठून विभूती ओढणार, आणि मगच उंबरा ओलांडायचा. पण अप्पांचा काय दोष, पूजा ती पूजा. दोष अव्वाचा. अव्वा चुलीशी पाठ करून बसली होती आणि म्हणत होती, "दशम्या झाल्या न्हाईत गं. रिकाम्या हातानं कुठं जातीस?" दशम्या नकोत, मी तशीच जाते, उमानं विनवलं. पाय आपटले. "थांब गं जरा," अव्वा म्हणाली. हायवेवरून एसटी गेल्याचा आवाज घरापर्यंत आला. तो आवाज उमादेवी आजही इतर गाड्यांमधून वेगळा काढू शकली असती. मग अप्पा बाहेर आले. तीन बोटांनी तिच्या कपाळावर विभूती ओढली, बोटं गार होती, आणि म्हणाले, "गाडी गेली व्हय गं? असू दे. तुझ्या अव्वाचं काम जरा सावकाशच असतंय."

दुसरी गाडी होती, उशिराची. तीही पकडली. मामा वाट बघून घरी निघून गेले होते. तिथून पुढं एकटी कशी पाठवायची, असं घरून फोनवर ठरलं आणि ती परत आली. जागा पुढच्याला गेली. हा पुढचा कोण, मुलगा की मुलगी, कुठल्या गावचा, हे उमादेवीला कधीच कळलं नाही, पण त्या माणसाच्या आयुष्यात तिनं बरीच वर्षं राहून पाहिलं होतं. त्याचं घर, त्याची नोकरी, त्याच्या खिडकीतून दिसणारे रस्ते. इकडं तिनं बीएस्सी केलं, दोन स्थळं आली नि मोडली, आणि अप्पांनी काट्यासाठी कम्प्युटर आणला. नळदुर्गात काट्यावरचा पहिला. आणला तो तिच्यासमोर ठेवला, पडद्यालाही विभूतीची बोटं ओढली आणि म्हणाले, हा तुझा. ती रडली होती तेव्हा. अव्वानं माझं हिरावलं, अप्पांनी मला दिलं, असा हिशेब तिच्या मनात कायमचा पक्का बसला होता, आणि त्याच हिशेबावर ती एवढी वर्षं काट्यावर येऊन बसत होती.

काट्यावर आता कुणीच नव्हतं. ढाब्यावरून फोडणीचा खाट आला. तिनं खुर्ची पुढं ओढली आणि ठरवलं की आज याचा निकाल लावायचा. लिनक्सला विचारता येतं की उठताना कुणी किती वेळ खाल्ला. त्या कमांडचं नावच ब्लेम आहे, म्हणजे कुणावर खापर फोडायचं ते सांग. तिला ती कमांड फार आवडायची. तिनं ती अशी टाइप केली, की बटणांचा आवाज बाहेर रस्त्यावर जावा. यादी आली. सगळ्यात वर, बाकीच्यांच्या कितीतरी पुढं, वजनाचा प्रोग्राम. तरीच. तिनं सोलापूरला, प्रोग्राम विकणाऱ्याला फोन लावला आणि मघापासून कोंडलेलं सगळं त्याच्यावर ओतलं. माझी गिऱ्हाइकं पळाली, तुमचा माल भंगार, वर्षाची फी कशाची घेता. तो बिचारा मॅडम मॅडम करत राहिला. त्याचं म्हणणं असं की प्रोग्राम डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर उघडतो, तो कशासाठी तरी थांबत असणार, ते बघा. थांबत असणार! तिनं फोन कापला. म्हणे थांबत असणार. सगळे तेच सांगतात.

पण फोन ठेवल्यावर हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांनी तिनं यंत्राची नोंद उघडली, चालू होताना ओळीमागून ओळ जी लिहिली जाते ती. वाचत गेली. एका ठिकाणी ओळींच्या मध्ये दीड मिनिटाची फट होती. फटीच्या आधी लिहिलं होतं की अमुक डिस्कची वाट पाहत आहे. फटीनंतर लिहिलं होतं की डिस्क आली नाही, पुढं जात आहे. कुठली डिस्क? तिनं डिस्कचा तो लांबलचक आकडा पाहिला आणि तिला कळलं. अप्पांची डिस्क. अप्पांचा नियम होता की वजनाची नोंद दोन ठिकाणी राहिली पाहिजे, म्हणून त्यांनी दुसरी डिस्क बसवून घेतली होती. गेल्या दसऱ्याच्या सुमारास ती खडखडायला लागली, आणि उमादेवीनं स्वतःच पेटी उघडून, वायर काढून, ती भंगारवाल्याला दिली. काढली खरी, पण यंत्राला ते सांगितलंच नव्हतं. त्याच्या सूचनांत ती ओळ तशीच होती. म्हणून दर वेळी वजनाचा प्रोग्राम उठायचा, आधी त्या डिस्कच्या दाराशी जायचा, आणि ती आता उघडेल, मग उघडेल म्हणून उभा राहायचा. मुदत संपली की गुपचूप पुढं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. वेळ मात्र त्याच्या नावावर.

तिनं ती ओळ पुसली. यंत्र बंद करून चालू केलं. तिनं पाण्यासाठी हात लांबवला, तो तांब्यापर्यंत पोचला नाही तोच पडदा उजळला आणि समोर शून्य उभं राहिलं. एवढंच. कितीतरी महिन्यांची मानहानी एका ओळीत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं आनंदाची वाटही पाहिली थोडी. त्याऐवजी तिला आठवलं की या कमांडची माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा खाली एक इशारा होता, आणि तो तिनं घाईत ओलांडला होता. या यादीवर विसंबू नका, असं काहीसं. एखाद्याचं नाव वर दिसतं ते तो मंद आहे म्हणून नव्हे, तो दुसऱ्या कुणासाठी थांबलेला असतो म्हणूनही. ज्याच्यामुळं थांबावं लागलं तो यादीत दिसेलच असं नाही. तिनं प्रोग्रामवाल्याला झापलं होतं ते आठवलं, कान गरम झाले. आणि मग काहीच कारण नसताना तिच्या नाकाला वास आला. दुधात मळलेल्या पिठाचा, तव्यावर भाजणाऱ्या दशमीचा.

ढाब्यावर दशम्या करत नाहीत. वास तिच्या आतला होता. त्या दिवशी पहाटे तिला जाग आली होती ती या वासानं. अंथरुणात डोळे मिटून ती हसली होती, की आज आपण जाणार. हे आपल्याला आठवत होतं का? आठवत होतं, पण ते वेगळ्या कप्प्यात होतं, आनंदाच्या. नंतर ती दारात उभी राहिली तेव्हाचा कप्पा वेगळा. तिनं पहिल्यांदाच दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले. दारात उभी होती तेव्हा भाजल्याचा वास नव्हता. देवघरातल्या धुपाचा होता. अव्वा चुलीशी पाठ करून बसली होती. तिच्या हातात काय होतं? पीठ होतं? लाटणं होतं? उमादेवीनं डोळे घट्ट मिटले. ती पाठ दिसली, लुगड्याचा हिरवा काठ दिसला, मानेवरचा घाम दिसला. कोपर हलत नव्हते. पंचवीस वर्षं ती त्या पाठीवर चिडत आली होती, आणि ते कोपर हलत नव्हते हे तिनं पाहिलंच नव्हतं.

तिनं केबिनला कुलूप लावलं. भर दुपारी, शनिवारचा, गिऱ्हाइकीचा दिवस. एक उसाचा ट्रक काट्याकडं वळत होता, त्याला तिनं हातानंच पलीकडं जा म्हणून सांगितलं. स्कूटी बाजारातून काढताना तिला सगळ्यांचा राग येत होता. रस्त्यात गाडी लावणाऱ्यांचा, स्वतःचा, मधेच आडव्या आलेल्या शेळ्यांचा. आपल्याला वाटतंय ते खोटं निघू दे, असं ती म्हणत होती, आणि खोटं निघालं तर आपण अव्वावर किती खेकसणार आहोत त्याची तयारीही करत होती.

अव्वा आतल्या खोलीत जमिनीवर बसून लुगड्यांच्या घड्या घालत होती. समोर एकच पिशवी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई कायमची निघाली होती आणि तिचं सामान एका पिशवीत मावत होतं. उमादेवी उंबऱ्यावरच उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिनं अव्वाला शंभरदा ऐकवलं होतं, टोमणे मारले होते, अबोला धरला होता, पण विचारलं कधीच नव्हतं.

"अव्वा, त्या दिवशी दशम्या कधी झाल्या होत्या?"

कुठल्या दिवशी, असं अव्वानं विचारलं नाही. घडी घालणारे हात थांबले. तिनं लुगड्याची एक चुणी अंगठ्यानं दाबून सरळ केली.

"पहाटं," ती म्हणाली.

मग हळूहळू, विचारेल तेवढंच, तिनं सांगितलं. दशम्या फडक्यात बांधून तिनं पिठाच्या डब्यामागं ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी जेवण झाल्यावर अप्पांनी तिला बोलावून सांगितलं होतं की उद्या एसटी जाईपर्यंत मी पूजेतून उठणार नाही. शांतलिंग पुन्हा नापास झालेला, त्याचं काट्यावर मन नाही. पोरगी औरंगाबादला गेली तर परत येत नसते. मग काट्यावर कोण बसणार? पण सगळ्या गावात पेढे वाटून झाले होते, आणि लेकीच्या तोंडावर नको म्हणायची त्यांच्यात छाती नव्हती. म्हणून ते बसून राहिले. विभूती लावल्याशिवाय ती निघणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अव्वा दोनदा देवघराच्या दारापर्यंत गेली. त्यांनी डोळे न उघडता हातानंच जा म्हणून खुणावलं.

उमादेवी उंबऱ्यावरूनच म्हणाली, "मग मला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू गं? तुजा लई जीव हुता त्यांच्यावर." अव्वा पहिल्यांदा तिच्याकडं बघत होती. "माज्यावर राग धरलास तरी मी कुठं जात न्हवते, हितंच चुलीपशी हुते. त्यांच्यावरनं मन उडालं असतं तर तू कुणाच्या तोंडाकडं बगून ऱ्हायली असतीस या घरात?"

हे ऐकून डोळ्यात पाणी यावं, अशी लोकांची अपेक्षा असते. उमादेवीला राग आला, आणि तो असा आला की तिला दाराची चौकट धरावी लागली. तिला अव्वाचा राग आला, की हिनं कुणाला विचारून माझा राग चुकीच्या पत्त्यावर ठेवून घेतला? तो माझा होता. तो योग्य जागी गेला असता तर कदाचित मी दुसऱ्याच दिवशी विभूती पुसून पायी चालत निघाले असते. कदाचित नसतेही निघाले, पण मला ठाऊक तरी असतं. ती देवघरात गेली. फोटोत अप्पा हसत होते, पेढे वाटताना हसायचे तसेच. हा तुझा, असं म्हणून त्यांनी कम्प्युटर दिला होता. खुर्चीला बांधून ठेवायचा दोर तो, आणि ती रडली होती, आनंदानं. "तुम्ही," ती म्हणाली. तिच्या लक्षात आलं की एवढ्या संतापातही तिच्या तोंडून तुम्हीच निघतंय. अव्वाला जन्मभर तू. रागावताना तू, झिडकारताना तू. यांना अजून तुम्ही. फोटो काढून आपटावा असं वाटलं, पण तिनं तो फक्त भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि बाहेर आली.

"अन् तुला राग न्हाय आला त्यांचा?" तिनं अव्वाला विचारलं. जवळजवळ ओरडलीच.

"आला की," अव्वा म्हणाली. घड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. "अजून येतोय. रोज सकाळी बगते, आज तरी येळंवर उटून भाईर येतेत का."

संध्याकाळ झाली. उमादेवीनं भावाला फोन करावा, येऊ नको म्हणावं, असं तिच्या मनात आलं आणि ते तिनं दाबलं. काय सांगायचं त्याला? माझं चुकलं? तिचं चुकलंच होतं का? तिला कुणाची दया यायला तयार नव्हती, अव्वाची नाही, स्वतःची तर अजिबात नाही. ती नुसती धुमसत राहिली, आणि अव्वानं पिशवीचे बंद बांधले ते ऐकत राहिली.

रविवारी सकाळी तिनं स्वतः चहा ठेवला. उकळी आली. अव्वा सवयीनं ओट्याशी येऊन उभी राहिली, गाळणी घ्यायला हात पुढं केला, आणि तिची नजर देवघराच्या दाराकडं गेली. उमादेवीनं गाळणी आधीच उचलली होती. उकळी पुरती बसायच्या आतच तिनं चहा गाळला, पहिला कप अव्वाच्या हातात दिला आणि म्हणाली, "पी. कोण उटून येणार न्हाय तिथनं." अव्वा कपाकडं बघत राहिली. कधी नव्हे तो चहाचा रंग लाल होता. तिनं घोट घेतला, तोंड भाजलं, आणि तरी तिनं दुसरा घेतला.

शांतलिंगची गाडी दारात आली ती घाईतच. त्याला दुपारच्या आत दुकान उघडायचं होतं, कुणाचं तरी लग्नही होतं. आत येऊन बघतो तर अव्वा तयार. धुतलेलं लुगडं, कपाळावर स्वतःच्याच हातानं ओढलेली विभूती, हातात पिशवी, पायात चपला. जन्मभर जिच्या सावकाशपणाचे किस्से या घरात सांगितले गेले ती बाई सगळ्यांच्या आधी निघून उभी होती. तो हसला. म्हणाला, "आवं, अव्वा तयार बी झाली की. चला मग, निगू."

अव्वानं पाऊल उचललं. उमादेवी ओट्याशी होती, दोघांकडं पाठ करून. तिनं वळूनही बघितलं नाही. आवाज एवढा तुटक निघाला की शांतलिंग जागीच थांबला.

"थांब. दशम्या झाल्या न्हाईत अजून."

दशम्या कशाला, तासाभराचा तर रस्ता आहे, तो कुरकुरला. घरी गेल्यावर जेवायचंच आहे.

"रिकाम्या हातानं कुणी जात न्हाय या घरातनं," उमादेवी म्हणाली.

"किती येळ लागंल?"

"लागंल."

त्यानं घड्याळ बघितलं, आणि वैतागून बाहेर गाडीत जाऊन बसला. अव्वा उंबऱ्यापाशी उभी होती. तिनं ओट्याकडं पाहिलं. गॅस पेटलेला नव्हता. परात पालथीच होती, पिठाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं, आणि लेकीचे कोपर हलत नव्हते. अव्वानं चपला काढल्या, पिशवी भिंतीशी ठेवली आणि तिच्याशेजारी खाली बसली.